गोडाचा जमाखर्च

मार्गशीर्षांत चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीचा उत्सव असतो. आमच्या घरीं त्या उत्सवास जाण्याचा परिपाठ फार जुना. सकाळच्या लोकलनें पुण्याहून निघावें, दर्शन घ्यावें, आणि दिवेलागणीस परत यावें, असा आमचा क्रम असे. गेल्या खेपेस मात्र पुतण्याचें बिऱ्हाड चिंचवडासच असल्यामुळें त्याच्याकडे दोन दिवस राहण्याचा बेत ठरला. बरोबर सौ., आमच्या थोरल्या वहिनी आणि इयत्ता पांचवींत शिकणारी नात, अशी मंडळी होती. देवदर्शनासाठीं निघालेली ही यात्रा दुसऱ्या दिवशीं एका चॉकलेटच्या कारखान्याच्या दारापर्यंत गेली, आणि शेवटीं आमच्याच स्वयंपाकघरांतल्या साखरेच्या डब्यापाशीं येऊन थांबली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें.

निमित्त अगदीं साधें झालें. आम्ही पोंचलों त्या रात्रीं पुतण्याच्या धाकट्या मुलाचा वाढदिवस होता. औक्षण झालें, जेवणें झालीं, आणि बशीभर चॉकलेटें आलीं. सगळ्या पोरांनीं हात घातला. आमची नात मात्र हात मागें घेऊन बसली. वहिनींनीं विचारलें, "कां ग, बरं नाहीं का वाटत?" ती म्हणाली, "आमच्या बाईंनीं वर्गांत सांगितलं, आफ्रिकेंत माझ्याएवढीं मुलं शाळा सोडून कोकोच्या मळ्यांत काम करतात. मग हें खाल्लं तर आपल्याला पाप लागतं का हो, आजोबा?"

वाढदिवसाच्या घरीं हा प्रश्न कोणास रुचणार? मीं घाईघाईनें म्हटलें, "आनंदाच्या दिवशीं असल्या गोष्टी काढूं नयेत," आणि एक चॉकलेट तिच्या हातांत कोंबलें. तिनें तें खाल्लें नाहीं. फ्रॉकच्या खिशांत ठेवून दिलें. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसानें मुलाला प्रश्न विचारूं नको म्हणून सांगावें, ही गोष्ट मला रात्रभर डांचत राहिली.

सकाळीं पुतण्यानेंच तोड काढली. तो चाकणच्या एका मोटार-कारखान्यांत इंजिनियर आहे. म्हणाला, "काका, चॉकलेटचा कारखाना आपल्या वाटेवरच आहे. तळेगांवावरून इंदुरीला जाऊं, तसेच पुढें चाकणला. आंत नाहीं जातां येणार, पण निदान कुठं होतं तें तरी पाहील."

चिंचवड सोडून निगडीच्या बाजूनें मोटार निघाली तों दोहों अंगांस कारखान्यांच्या भिंती लागल्या, त्या कांहीं केल्या संपेनात. हा सारा विस्तार गेल्या सत्तर वर्षांतला. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिन तयार करणारा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. मागाहून मोटारी, रिक्षा, यंत्रें यांचे कारखाने आले. वस्ती इतकी वाढली, कीं १९८२ सालीं येथें स्वतंत्र महानगरपालिका झाली. पुढें ही लाट इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळावर चढली. या पट्ट्याविषयीं लिहिणारे बहुधा लोखंडाविषयींच लिहितात. परंतु पुणें जिल्हा हा चॉकलेटचाही जिल्हा आहे, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. इंदुरीस कॅडबरीचा कारखाना आहे. बारामतीस इटलीच्या फेरेरो कंपनीचा आहे, आणि तेथेंच २०२१ सालीं बॅरी कॅलेबो या स्विस कंपनीनें दुसऱ्या कारखान्यांना व बेकरीवाल्यांना ठोक चॉकलेट पुरविणारा आपला कारखाना उघडला. गंमत अशी, कीं या जिल्ह्यांत दूध आहे, साखर आहे. पण ज्याच्यावरून चॉकलेट हें चॉकलेट ठरतें, त्या कोकोची लागवड मात्र येथें होत नाहीं. तो दुरून येतो. आणि दुरून येणाऱ्या वस्तूबरोबर तिची हकीकत क्वचितच येते.

देहूरोड, सोमाटणें हीं ठिकाणें मागें टाकून आम्ही तळेगांव दाभाड्यास आलों. वहिनींनीं विचारलें, "पैसाफंडाचं तळेगांव तें हेंच ना?" तें हेंच. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनीं कल्पना काढिली, कीं प्रत्येकानें वर्षाकांठीं एकच पैसा द्यावा, आणि त्या पैशापैशांतून स्वदेशी धंद्यांस भांडवल उभें करावें. लोकमान्यांनीं ती उचलून धरली, आणि १९०८ सालीं त्या फंडांतून तळेगांवास काचेचा कारखाना निघाला. परदेशीं जाऊन काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं त्याचें काम अंगावर घेतलें.

आमची आजी त्या दिवसांच्या गोष्टी सांगे. तिच्या सासरीं विलायती साखर बंद झाली होती. चहा गुळाचा. पाहुण्यांपुढें तो ठेवतांना पहिल्या पहिल्यानें लाज वाटे, पुढें त्याचाच अभिमान वाटूं लागला. पैसाफंडाचे स्वयंसेवक दाराशीं आले, कीं तिच्या सासूबाई देवापाशीं ठेवलेला एक पैसा त्यांच्या हातावर घालीत. वस्तु कोठून आली, कोणाच्या हातची आहे, आपला पैसा शेवटीं कोणाच्या घरीं जातो, हें विचारणें तेव्हां घरच्या बायकांचेंच काम होतें. आज परदेशांतल्या मोठमोठ्या कंपन्या हाच विचार छापील अहवालांतून मांडतात. आमच्या आजेसासूबाईंना त्यासाठीं अहवाल लागत नव्हता. हें मीं बोलून दाखवितांच सौ.नें हळूच विचारलें, "आणि आपल्याला?" मीं खिडकीबाहेर पाहूं लागलों.

तळेगांवाहून चाकणचा रस्ता धरला, कीं थोड्याच वेळांत इंद्रायणीकांठचें इंदुरी गांव येतें. येथें सेनापति दाभाड्यांची गढी आहे. तिचा दरवाजा आणि बुरूज पाहून त्या घराण्याच्या एके काळच्या वैभवाची कल्पना येते. गढीपासून जवळच चॉकलेटचा कारखाना. कॅडबरी कंपनीनें १९६४ सालीं येथें बस्तान मांडलें तें चॉकलेटसाठीं नव्हे, तर दुधासाठीं. 'इंदुरी फार्म' या नांवानें सुधारलेल्या पद्धतीनें गुरें पाळून दुधाचें उत्पन्न कसें वाढवावें, याचा तो प्रयत्न होता. चॉकलेटचें काम येथें मागाहून आलें. आतां कंपनीची मालकी बदलली आहे, आणि २०१४ पासून येथें तिचें नांव माँडेलीझ असें आहे. परंतु लोकांच्या तोंडीं कॅडबरीच.

फाटकाबाहेर मोटार उभी करून आम्ही पांच मिनिटें पाहत राहिलों. पहारेकरी, मालमोटारी, स्वच्छ आवार. यापलीकडे दिसण्यासारखें कांहीं नव्हतें. पुतण्या म्हणाला, "काका, २००३ सालचा गोंधळ आठवतो ना?" आठवत होता. त्या वर्षीं दिवाळीच्या तोंडावर मुंबईंत चॉकलेटांत अळ्या सांपडल्याच्या तक्रारी झाल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानें याच कारखान्यांत तयार झालेला माल जप्त केला. दोष दुकानदारांच्या साठवणुकींतला आहे, असें कंपनीचें म्हणणें होतें. तिनें पुढें वेष्टनेंही बदललीं. त्या दिवसांत आमच्या घरीं प्रत्येक चॉकलेट उजेडाकडे धरून पाहिलें जात असे. वेष्टनाच्या आंत काय आहे, हें आम्हीं इतक्या बारकाईनें पाहिलें. वेष्टनाच्या पलीकडे कोण आहे, हें पाहावें असें आमच्यांतल्या एकालाही सुचलें नाहीं. तें सुचलें दहा वर्षांच्या मुलीला.

नदीकांठीं एका झाडाखालीं सतरंजी पसरून आम्हीं शिदोरी सोडली. नातीनें विचारलें, "कोकोचं झाड असतं तरी कसं?" मीं पुस्तकी उत्तराची जुळवाजुळव करीत होतों, तों वहिनींनींच बोलावयास सुरुवात केली. त्यांचें माहेर दक्षिण कानडांत, पुत्तूरच्या बाजूस. त्या भागांत पिढ्यान् पिढ्या राहिलेलीं कऱ्हाड्यांचीं व चित्पावनांचीं कितीएक घरें आहेत. घरांत आपली जुनी मराठी बोली, बाहेर कानडी नि तुळू, आणि भोंवतीं पोफळीच्या बागा.

"फणस कसा खोडालाच लागतो, तसंच याचं फळ," वहिनी म्हणाल्या. "पोफळीच्या नि माडाच्या सावलींत वाढतं. लावल्यापासून तीन-चार वर्षांनीं धरतं. फळ फोडलं, कीं आंत पांढऱ्या आंबटगोड गरांत तीस-चाळीस बिया. त्या बियांचा ढीग करून झांकून ठेवायचा, पांच-सहा दिवस आंबवायचा, मधून मधून वरखालीं करायचा. मग उन्हांत वाळवायच्या. ओल्या बीला चॉकलेटचा वास नसतो हो. तो आंबवल्यावर नि भाजल्यावर येतो."

"मग तुमच्याकडं मुलं काम करायचीं?" नातीनें विचारलें.

"आम्ही सगळींच करायचों. पण शाळा सुटल्यावर. आणि पोटाला कमी नव्हतं, म्हणून तें काम गोड लागायचं." थोडें थांबून त्या पुढें म्हणाल्या, "माझं लग्न झाल्यावर भावानं हौसेनं दीडशें झाडं लावलीं. पेरा म्हणणारे पुष्कळ भेटले होते, रोपंही मिळालीं होतीं. झाडं भरांत आलीं, आणि जगाच्या बाजारांत भाव पडला. घेणारे व्यापारी येईनासे झाले. बिया अंगणांत बुरसत पडल्या. एका पावसाळ्यांत भावानं सगळीं झाडं तोडलीं. मी माहेरीं होतें तेव्हां. जेवायला बसला, पण जेवला नाहीं."

ही १९८० च्या आसपासची गोष्ट. केरळांत आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कोको लावण्यास १९६५ नंतर उत्तेजन मिळत गेलें होतें; भाव कोसळतांच हजारों बागाइतदारांवर हाच प्रसंग आला. सुदैवानें मंगळुरास १९७३ सालीं सुपारीच्या बागाइतदारांनीं 'कॅम्पको' ही सहकारी संस्था काढली होती. तिनें कोकोच्या खरेदींत उतरून पडत्या काळांत शेतकऱ्यांचा माल घेतला, आणि १९८६ सालीं पुत्तुरास स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभा केला. बी विकणारे शेतकरीच चॉकलेटच्या कारखान्याचे धनी झाले. वहिनींच्या भावानें मात्र झाडें आधींच तोडलेलीं होतीं. "वर्षभर थांबला असता तर!" एवढेंच त्या म्हणाल्या, आणि मग नातीकडे वळून, "म्हणून तुला सांगतें, नुसतं खायचं सोडलं म्हणजे झालं, असं समजूं नको. घेणारा पाठ फिरवतो, तेव्हां झाडाखालच्या माणसाचं काय होतं, तें मीं डोळ्यांनीं पाहिलं आहे."

मीं मनांत म्हटलें, जें मला काल सांगावयाचें सुचलें नाहीं, तें वहिनींनीं दोन वाक्यांत सांगितलें.

पुतण्यानें शंका काढली, "पण कंपन्यांना हें ठाऊकच नसेल का? माल इतक्या हातांतून येतो." त्यावर त्याच कॅडबरी घराण्याची शंभर वर्षांपूर्वींची गोष्ट मीं सांगितली. हें घराणें इंग्लंडांतलें क्वेकर पंथाचें, सचोटीबद्दल नांवाजलेलें. कामगारांसाठीं त्यांनीं बोर्नव्हिल येथें बागबगीच्यांसह वसविलेलें गांव आजही नमुनेदार मानलें जातें. त्यांच्या कोकोचा मोठा भाग आफ्रिकेजवळच्या साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून येई. १९०१ सालीं विल्यम कॅडबरी यांच्या कानीं आलें, कीं त्या मळ्यांवर अंगोलांतून आणलेले मजूर नांवाला कराराचे, पण खरे पाहतां गुलाम आहेत. विकावयास काढलेल्या एका मळ्याच्या कागदांत तर झाडांबरोबर मजुरांचीही किंमत लावलेली होती. कंपनीनें चौकशी आरंभिली. पोर्तुगीज सरकारशीं बोलणें झालें. १९०५ सालीं जोसेफ बर्ट नांवाच्या गृहस्थांस पाहणीसाठीं पाठविलें. १९०८ सालीं विल्यम कॅडबरी स्वतः जाऊन आले. एवढें सगळें होईपर्यंत खरेदी मात्र चालूच होती. ती थांबली १९०९ च्या मार्चमध्यें.

दरम्यान लंडनच्या 'स्टँडर्ड' पत्रानें या दिरंगाईवर जळजळीत लेख लिहिला, आणि कंपनीनें अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १९०९ च्या डिसेंबरांत बर्मिंगहॅम येथें ज्यूरीनें निकाल दिला. अब्रुनुकसानी झाली खरी. परंतु भरपाई म्हणून कंपनीला मिळाला एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. कायद्यानें जिंकलेल्यांना लोकांनीं काय दिलें, हें त्या एका नाण्यांत सगळें आलें.

आतां वाचकांनीं एक लहानसा हिशेब माझ्याबरोबर करावा. त्या काळीं रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे सोळा पेन्स होता. पेनीचे चार फार्दिंग. तेव्हां रुपयाचे फार्दिंग झाले चौसष्ट. आणि आपल्या जुन्या रुपयाचे पैसेही चौसष्टच! म्हणजे बर्मिंगहॅमच्या ज्यूरीनें कॅडबरींच्या हातावर ठेविलेला फार्दिंग, आणि आमच्या आजेसासूबाईंनीं तळेगांवच्या कारखान्यासाठीं काढून दिलेला पैसा, हें मोलानें एकच नाणें. अवघ्या वर्षा-दोन वर्षांच्या अंतरानें एकानें, माहीत असून उशीर केला, याची किंमत दाखविली. दुसऱ्यानें, सामान्य घराला आपणहून काय करतां येतें, हें दाखविलें.

साओ टोमे सुटल्यावर कंपन्यांची खरेदी पश्चिम आफ्रिकेंतल्या गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळली. तेथें मोठे मळे नव्हते. लहान शेतकरी होते. १९३७-३८ सालीं युरोपीय कंपन्यांनीं संगनमत करून भाव बांधले, तेव्हां त्या शेतकऱ्यांनीं महिनोन् महिने कोको विकण्याचेंच नाकारलें, आणि सरकारला चौकशी नेमावी लागली. पुढें १९९३ सालीं तेथें कुआपा कोकू नांवाचा सहकारी संघ स्थापन झाला, आणि १९९८ सालीं इंग्लंडांत निघालेल्या डिव्हाइन या चॉकलेट-कंपनींत त्या संघाला भागीदारीही मिळाली. पुत्तूरचें उदाहरण एकटें नाहीं, हें यावरून दिसेल.

तरीही दुखणें पुरतें गेलेलें नाहीं. जगांतला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांत होतो. २००१ सालीं मोठ्या कंपन्यांनीं बालमजुरीचे अति वाईट प्रकार नाहींसे करण्याचा करार केला. आणि २०२० सालीं शिकागो विद्यापीठाच्या संस्थेनें केलेल्या पाहणींत त्या दोन देशांत कोकोच्या कामावर सुमारें १५ लाख ६० हजार मुलें आढळलीं. बहुतेक आपल्याच आईबापांच्या शेतांवर. आईबाप कांहीं राक्षस नव्हेत. मजूर लावण्याइतका पैसा गांठीस नाहीं, म्हणून मुलाच्या हातीं कोयती येते. चॉकलेटच्या शंभर रुपयांतले शेतकऱ्याच्या पदरीं सहा-सात पडतात, असा कांहीं वर्षांपूर्वींचा अभ्यासकांचा हिशेब आहे. २०१९ सालीं दोन्ही सरकारांनीं मिळून टनामागें ४०० डॉलर अधिक घेण्याचें ठरविलें. कंपन्यांनींही शेतकऱ्यांच्या मदतीच्या योजना काढल्या आहेत. माँडेलीझची 'कोको लाइफ' ही योजना २०१२ सालची. या योजना खोट्या आहेत, असें मी म्हणणार नाहीं. विचारणारे होते, म्हणून त्या निघाल्या. विचारणारे गप्प बसले, तर त्या कागदावर राहतील.

ऊन कलूं लागलें तसे आम्ही निघालों. समोर भंडाऱ्याचा डोंगर दिसत होता. इंदुरीवरून वाहणारी ही नदी पुढें देहूला जाते. तुकोबा हे वाण्याच्या घरांतले. सावकारी घरांत चालत आलेली. दुष्काळानें लोक नागवलेले पाहून त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें याच इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. व्यवहार करूं नये, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. भावाच्या वांट्याचे कागद त्यांनीं त्याला ठेवूं दिले. आपल्या वहींत दुसऱ्याचें दुःख जमेस धरूं नये, एवढेंच आपल्यापुरतें केलें. चॉकलेटच्या कारखान्यावरून तीच नदी देहूस जाते, हा केवळ भूगोल आहे. पण त्या दिवशीं मला तो नुसता भूगोल वाटला नाहीं.

चाकणच्या वाटेवर थोडें पुढें गेल्यावर रस्त्याच्या कडेला उंसानें भरलेले ट्रॅक्टर उभे होते. पलीकडे पाचटाच्या व ताडपत्रीच्या दहा-बारा कोप्या. ऊंसतोड चालू होती. पुतण्या फोनवर बोलण्यासाठीं थांबला, तेवढ्यांत नात खालीं उतरली. एका कोपीपुढें तिच्याच वयाची मुलगी कडेवर तान्हें पोर घेऊन उभी होती. आमच्या नातीनें खिशांतलें कालचें चॉकलेट काढून तिच्यापुढें धरलें. मुलीनें तें घेतलें, अर्धें मोडून भावाच्या तोंडांत घातलें आणि अर्धें मुठींत ठेवलें.

"तुझी शाळा कुठं आहे?" नातीनें विचारलें.

"हाय की, गांवाकडं. बीडकडं."

"मग तूं इकडं कशी?"

"गांवाकडं कुनी न्हाई ना आतां. समदी हिकडंच."

मग ती आंत गेली, आणि उंसाचें एक कांडें आणून तिनें नातीच्या हातांत दिलें. फुकट घेणें तिच्या रीतींत बसत नसावें.

मोटारींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं नातच म्हणाली, "आजोबा, चॉकलेटमध्यें जास्त काय असतं, कोको कीं साखर?" दुधाच्या चॉकलेटांत बहुधा साखरेचाच वांटा सर्वांत मोठा असतो. मीं तसें सांगितलें. तिनें उंसाच्या कांड्याकडे पाहिलें, आणि पुढें कांहीं विचारलें नाहीं. विचारण्यासारखें उरलें नव्हतें.

आफ्रिकेंतल्या मुलांविषयीं हळहळणारे आम्ही, आमच्याच साखरेच्या डब्यावर कोणाचें नांव आहे, हें कधीं वाचलेलें नव्हतें. दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतून लाखों माणसें ऊंस तोडण्यासाठीं निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्यारानें होते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत पांच-सहा महिने पहांटेपासून काम. एक दिवस खाडा झाला, तर उलट दंड भरावा लागतो, अशी रीत. या खाड्यापायीं बीड जिल्ह्यांतल्या बायकांवर काय वेळ आली, तें २०१९ सालीं नेमलेल्या सरकारी समितीच्या पाहणींत उघड झालें. ८२ हजारांहून अधिक ऊंसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढून टाकलेलें होतें. हें लिहितांना हात जड होतो. परंतु ज्या मासिकांत पाककृती छापतात, तेथें हें छापणें मला अस्थानीं वाटत नाहीं.

२०२४ च्या आरंभीं झालेल्या करारानें तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढून टनाला सुमारें ३६६ रुपये झाला. टनभर उंसांतून साधारण एक क्विंटल साखर निघते, असें धरलें, तर किलोभर साखरेमागें त्या जोडीला मिळतात पावणेचार रुपयांहूनही कमी. साखर किलोला दोन रुपयांनीं महागली, म्हणून वाण्याशीं हुज्जत घालणारा मी, हा हिशेब सत्तराव्या वर्षानंतर प्रथमच करीत होतों.

उपाय नाहींत असें नाहीं. तोडणीच्या तळावर चालणाऱ्या साखरशाळा पूर्वींपासून निघाल्या. २०२१ सालीं सरकारनें या मुलांसाठीं त्यांच्याच गांवांकडे संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना मंजूर केली. आईबाप तोडीला गेले, तरी मुलाला शाळा धरून राहतां यावें, हा तिचा हेतु. कोपीपुढच्या त्या मुलीचें उत्तर ज्यांनीं ऐकलें असेल, त्यांना अशा वसतिगृहाची किंमत निराळी सांगावी लागणार नाहीं.

चाकणास पोंचेपर्यंत संध्याकाळ झाली. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं शाइस्तेखानाच्या फौजेपुढें जवळजवळ दोन महिने झुंजविलेला तो भुईकोट पाहून आम्ही परतलों. तेथलें वर्णन पुढें केव्हां तरी.

संक्रांतीस सगळें कुटुंब एकत्र जमलें, तेव्हां वहिनींनीं तिळगूळ वाटण्यापूर्वीं ही हकीकत सर्वांना सांगितली. आमच्या घरांत सोळा माणसें, मतेंही तितकींच. एकानें चॉकलेट कायमचें बंद करावें म्हटलें. दुसऱ्यानें, आपल्या एका घरानें काय होणार, असें विचारलें. वहिनींनीं दोघांनाही तोडलेल्या झाडांची गोष्ट ऐकविली. अखेर असें ठरलें, कीं गोड बंद करावयाचें नाहीं. पण जमाखर्चाच्या वहींत 'गोडधोड' या सदराखालीं साखर, गूळ, मिठाई, चॉकलेट यांचा जो खर्च पडेल, त्याचा दहावा हिस्सा दर महिन्यास बाजूला काढावयाचा, आणि तो तोडणीला जाणाऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लावावयाचा. वहींतलें तें सदर नातीकडे दिलें आहे. एकेक पैसा लिहिते; माझ्या चहांतला दुसरा चमचाही सोडीत नाहीं.

दुसरी गोष्ट तिनें आपण होऊन केली. एका चॉकलेटच्या कंपनीला तिनें पत्र लिहिलें. तुमचा कोको कोणत्या गांवाहून येतो, साखर कोठून येते, आणि तेथलीं मुलें शाळेंत जातात का, असे त्यांत तीन प्रश्न आहेत. मला दाखवावयास आणलें तेव्हां म्हणाली, "आजोबा, पाप लागतं का, तें तुम्हीं अजून सांगितलं नाहीं."

मीं म्हटलें, "खाल्ल्यानं लागतं कीं नाहीं, तें मला ठाऊक नाहीं, बाळ. पण तूं विचारलंस तेव्हां मीं तुला गप्प बसवलं, त्याचं मला लागलं आहे."

तिनें पत्राची घडी घातली, पाकिटावर तिकीट चिकटवलें, आणि आम्ही दोघें मिळून तें टपालाच्या पेटींत टाकून आलों.